दुखायची वाट न पाहता

शरीरात काही बिघडलं की दुखतं आणि दुखलं की माणूस दवाखान्यात जातो. आपलं सगळं औषधपाणी या सवयीवर चालतं. तोंडाचा कर्करोग माणसाला फसवतो तो इथेच. गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो, तो जाणवतही नाही. हिरडीच्या कडेला लहानशी जखम होते, जेवताना चुरचुरते आणि नंतर विसरली जाते. ठणका सुरू होतो तेव्हा बहुतेक वेळा रोग स्नायूत, जबड्याच्या हाडात किंवा मानेतल्या गाठींत पोचलेला असतो. आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात रुग्णालयात येतात, त्यामागचं मोठं कारण हेच आहे. गरिबी आहे, दवाखाना लांब आहे, भीती आहे, हे सगळं खरं. पण ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि ज्याच्या घरासमोर डॉक्टर बसतो, तोसुद्धा उशिराच येतो. दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?

हे पुस्तक नागापूर आणि आसपासच्या माणसांसाठी लिहिलेलं आहे. मी दातांचा डॉक्टर. दाढ दुखते म्हणून येणाऱ्या कामगारांची तोंडं पाहण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं असावं. पुढच्या प्रकरणांत रोग कसा होतो, कसा ओळखायचा, उपचार कोणते आणि सवय कशी सोडायची हे नीट क्रमानं आलं आहे. ते मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही. या पुस्तकाची गरज इथे, याच गावात का आहे आणि ते हातात घेतल्यावर वाचकानं काय करावं, एवढंच मला सांगायचं आहे.

सीना नदीच्या काठचं, नगर-मनमाड रस्त्यावरचं नागापूर एमआयडीसीमुळे पाळ्यांवर जगणारं गाव झालं. पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू शेतीतून आलेले, पारनेरकडून रोज ये-जा करणारे, बीड जिल्ह्यातले, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारमधले असे कितीतरी कामगार इथे आहेत. रात्रपाळीला दोन-अडीच वाजता डोळा लागू नये म्हणून, मशीनसमोर उभं राहून आलेली मरगळ जावी म्हणून, लाइन सोडून चहाला जाता येत नाही म्हणून तोंडात काहीतरी धरायची सवय लागते. नगरकडे ते काहीतरी म्हणजे मावा. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात शेजारचा पुडी पुढे करतो. आग्रह प्रेमाचाच असतो.

मावा कसा तयार होतो ते टपरीसमोर उभं राहून एकदा बघावं. प्लास्टिकच्या कागदावर बारीक कातरलेली सुपारी, वर चिमूटभर तंबाखू, त्यावर बोटानं ओढलेला ओला चुना. कागदाची घडी घालून टपरीवाला ते तळहाताखाली दाबून घासत राहतो. घासता घासता सुपारीला रंग चढतो, पुडी हाताला कोमट लागते, मग तिला रबर लागतं आणि ती गिऱ्हाइकाच्या खिशात जाते. त्यातला थोडा बार गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत सारला की अर्धा-पाऊण तास काम भागतं. दिवसभर आणि रात्रभर, त्याच बाजूला, त्याच खाचेत. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली आढळतो. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या अस्तरावर आणि हिरडीवर जास्त दिसतो. बार ज्या गालात धरला जातो, बहुतेक वेळा जखम त्याच गालात सापडते. तपासताना मी आधी विचारतो, ‘कुठल्या बाजूला ठेवता?’ आणि त्या बाजूनं बघायला सुरुवात करतो.

या मिश्रणातला कुठला घटक काय करतो हे कळलं तर पुढची गल्लत टळेल. चुन्यामुळे तोंडातला रस अल्कधर्मी होतो, निकोटिन झटकन रक्तात उतरतं आणि तरतरी लगेच येते. चुना अस्तर पोळतो ते वेगळंच. तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची संयुगं असतात. ती पेशीच्या आत शिरून तिच्या जनुकांत बिघाड करतात. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे वाढवत नेतं, आणि सुपारीत असलेल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांना घट्ट सांधले जातात. मऊ, लवचीक गाल हळूहळू चामड्यासारखा ताठ होतो. मुंबईत १९५३ साली डॉ. जोशी यांनी या आजाराचं वर्णन करून त्याला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं, आणि आज जगभर तो त्याच नावानं ओळखला जातो. हा आजार झालेल्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ हे वाक्य मला जवळजवळ रोज ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पूजेची सुपारी पूजेत राहू द्या. पण जेवणानंतर पाहुण्यांपुढे येणारं सुपारीचं तबक आणि शाळेजवळच्या दुकानात लोंबणाऱ्या गोड सुपारीच्या माळा याकडे आपण फार भाबडेपणानं बघतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाल ताठ होण्याचा हा आजार घरात पहिल्यांदा कुणाला कळतो? डॉक्टरला नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळतो. ठेचा आणि झणझणीत आमटीवर वाढलेला माणूस एक दिवस म्हणतो, ‘तिखट लागतंय, झोंबतंय.’ मग त्याची भाजी वेगळी होते. काही महिन्यांनी तो भाकरी दुधात कुस्करून मागतो. वडापावचा घास मोठा घेता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. घरातली मंडळी फिकं रांधून त्याची सोय करत राहतात, आणि त्या सोयीत रोगाची पहिली हाक विरून जाते. माझ्याकडे दाढ काढायला आलेल्या अशा माणसाला मी तोंड उघडायला सांगतो, तेव्हा दोन बोटंही जेमतेम आत जातात. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘डॉक्टर, माझं तोंड पहिल्यापासून एवढंच उघडतं.’ गालावरून बोट फिरवलं की आत उभ्या दोऱ्या लागतात, अस्तराचा गुलाबी रंग जाऊन पांढुरकी झाक आलेली असते. वय बघावं तर पंचविशीही उलटलेली नसते.

बायकांचं दुखणं याहून झाकलेलं. मिश्री ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर लावत बसायचं. दात दुखतो म्हणून आजीनं नातीला पहिल्यांदा लावून दिलेली, पुढे ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणून चालू राहिलेली. ऊसतोडीला पहाटे फडात उतरणाऱ्या बायकांची भूक मारायलाही तीच. गरोदरपणातही ती सुटत नाही, आणि तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरतं. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही. ती दंतमंजनात जमा असते. म्हणून डॉक्टरनं ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. विचारायचं असेल तर ‘मिश्री लावता का?’ असंच विचारावं लागतं. आशाताईंना हे चांगलं माहीत असतं. पुष्कळ डॉक्टरांना माहीत नसतं.

थोडे आकडे देतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते, पुरुषांत ३५.५ आणि स्त्रियांत १७ टक्के. ओढणारे त्यात फक्त ३.८ टक्के, आणि चघळणारे, लावणारे, धरणारे मिळून २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू धुरातून फार थोडी जाते. ती तोंडातच राहते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होते. त्यांतले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले, आणि देशात त्या वर्षी सुमारे ८० हजार मृत्यू. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. आपल्या जिल्ह्याचा या व्यवहाराशी असलेला संबंध खाण्यापुरता नाही. चघळायच्या तंबाखूचा मोठा धंदा संगमनेरला उभा राहिला, आणि संगमनेरला व नगर शहरात विड्या वळून संसार चालवणाऱ्या बायकांच्या पिढ्या गेल्या. तंबाखू इथे कितीतरी चुली पेटवते. म्हणून तिच्याविषयी बोलताना माणसांना दोष देऊन चालत नाही. पुस्तकानं तो दिलेला नाही, हे मला फार आवडलं.

तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध आपल्याला परदेशी पुस्तकांतून कळला असा समज आहे. तो अर्धाच खरा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागातले डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातल्या खेड्यांत घरोघर फिरले. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात त्यांनी १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. वीज नसलेल्या घरांच्या ओट्यावर बसून, एकेका माणसाचा गाल आरशानं बाजूला करून केलेलं हे काम आहे. डेन्मार्कचे मुखविकारतज्ज्ञ पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते. याच मंडळींनी पुढे आंध्र, गुजरात आणि केरळमधल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून, पाठपुरावा करून सवय सोडायला मदत केली, आणि जिथे सवय सुटली किंवा कमी झाली तिथे नवे पांढरे चट्टे उठायचं प्रमाण घटलं हे दाखवून दिलं. ‘इतकी वर्षं खाल्ली, आता सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याच माणसांनी चाळीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे. चट्टा पुष्कळदा मागे हटतो. ताठलेला गाल मात्र पूर्ववत मऊ होत नाही. मी माझ्या रुग्णांना हेही सांगतो, कारण खोटी आशा दिली की माणूस पुढच्या तपासणीला येत नाही.

कायदाही झाला. महाराष्ट्रानं २००२ साली गुटख्यावर बंदी आणली, ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ च्या जुलैत अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली, पुढे तिच्यात सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा हेही आले. बंदीचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. शाळेच्या दारातल्या गुटख्याच्या चकचकीत माळा गेल्या, जाहिराती गेल्या. पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असा मार्ग निघाला, आणि हातानं घासलेला मावा छापा पडून गेला की दोन दिवसांत पुन्हा सुरू होतो. टपरीवाल्याला दुसरा धंदा आणि कामगाराला रात्रपाळीत दुसरा आधार मिळेपर्यंत पोलिसांच्या गाडीकडून फार अपेक्षा करणं बरोबर नाही. चांगला चहा, दहा मिनिटांची सुटी आणि खुर्ची एवढं कारखान्यानं दिलं तरी मला वाटतं पुड्यांची संख्या घटेल.

आता तपासणीकडे येतो, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. पोटातला, फुप्फुसातला, स्वादुपिंडातला कर्करोग बघायला यंत्रं लागतात. तोंडाचा कर्करोग आरशात दिसतो. मोबाइलचा दिवा, भिंतीवरचा आरसा आणि स्वच्छ धुतलेली बोटं, याहून जास्त काही लागत नाही. महिन्यातून एकदा चूळ भरून, कवळी असेल तर काढून आरशासमोर उभं राहायचं. ओठ उलटून बघायचे. गाल बोटानं बाहेर ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत आणि खाली हिरडीच्या खाचेपर्यंत नजर न्यायची, कारण बार तिथेच बसतो. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघायच्या, मग जीभ टाळ्याला लावून खालचा भाग. डोकं मागे टाकून टाळू. शेवटी बोटांनी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंनी चाचपायचं. उभी तीन बोटं तोंडात सहज जायला हवीत, तीही स्वतःची. ती जात नसतील तर तोंड आवळायला लागलं आहे असं समजावं.

काय दिसलं तर थांबायचं नाही? पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. बोटाला कठीण लागणारी जागा. कारण नसताना हलायला लागलेला दात. दात काढल्यावर न भरणारी जखम. खालच्या ओठाला किंवा हनुवटीला आलेला बधिरपणा. एकाच बाजूच्या कानात सतत येणारी कळ, जिचं कारण कानात सापडत नाही. आणि सगळ्यांत साधी, सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम. उष्णतेनं आलेलं तोंड, जीभ चावल्याची जखम, टोकदार दातानं कापलेला गाल हे आठ-दहा दिवसांत भरतं. टोकदार दात घासून घेतल्यावरही जखम तशीच राहिली तर ती दाखवलीच पाहिजे.

इथे माझ्या व्यवसायबंधूंना आणि गावातल्या सगळ्याच डॉक्टरांना एक विनंती करायची आहे. ‘तोंड आलंय’ म्हणून आलेल्या माणसाला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि वर लावायचं मलम देऊन आपण पाठवतो. पहिल्या खेपेला ते ठीक. पण तोच माणूस त्याच जागेची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आला तर गोळ्या बदलून देऊ नका; जखमेवर बोट ठेवून बघा आणि तुकडा तपासायला पाठवा. हलणारा दात काढण्यापूर्वी तो का हलतोय ते बघा. अशा गोळ्या-मलमांच्या फेऱ्यांत गेलेले तीन-चार महिने रुग्णाच्या जबड्यातून वसूल होतात.

आणि रुग्णांना हे सांगायचं: तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. सुई लागली की आग भडकते ही समजूत आपल्या भागात इतकी पक्की आहे की माणसं बायोप्सीची चिठ्ठी घेऊन घरी जातात आणि परत येतात ती गालाला भोक पडल्यावर. मधल्या काळात कुणीतरी झाडपाल्याचा लेप दिलेला असतो. रोग पसरला तो बायोप्सीमुळे नाही, त्या मधल्या महिन्यांमुळे.

बघितल्यानं जीव वाचतो, याला पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. साधारण १ लाख ९० हजार माणसं त्या अभ्यासात होती. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, तपासणी झालेल्या भागात तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नाही, रक्ताची चाचणी नाही. दिवा, डोळे आणि पुन्हा पुन्हा दारात येणारा माणूस.

असा माणूस काय करू शकतो हे आपल्या जिल्ह्यानं तर जगाला शिकवलं आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं जामखेडला काम सुरू केलं. फारशा न शिकलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग, क्षय यांचं शिक्षण दिलं, आणि त्या बायकांनी गावं बदलली. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या पलीकडे बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांतून नोंदणीचे कार्यकर्ते फिरत, माणसांशी बोलत, खुणा सांगत. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या आहेत. तपासणीची मोठी मोहीमही तेव्हा नव्हती. होतं ते बोलणं. बार्शी आपल्यापासून फार लांब नाही, आणि तिथल्या माणसांची भाषा, शेती, दुष्काळ सगळं आपल्यासारखंच आहे. तिथे जे झालं ते नागापुरात होणार नाही असं मानायला मला एकही कारण दिसत नाही.

आज तर सरकारी कार्यक्रमातच तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी धरलेली आहे. आशाताई घरी येऊन तंबाखूची सवय, तोंडातली जखम, तोंड उघडायला होणारा त्रास हे प्रश्न विचारून फॉर्म भरतात आणि आरोग्य केंद्रात तपासणी होते. अडचण अशी की पुरुष दिवसा घरी सापडत नाहीत. रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो, दिवसपाळीचा कामावर असतो. म्हणून एमआयडीसीच्या गावात ही तपासणी कारखान्याच्या दारातच व्हायला हवी. वर्षातून एकदा कामगारांचं वजन, रक्तदाब, डोळे, रक्त तपासणारे कारखाने पुष्कळ आहेत. त्याच रांगेच्या शेवटी दिवा घेऊन एक दंतवैद्य बसवायला काय लागतं? एका कामगाराला तीन-चार मिनिटं पुरतात. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी आणि कामगार संघटनांनी या पुस्तकातलं तपासणीचं प्रकरण वाचून एवढा एक निर्णय घेतला, तरी लेखकांचे कष्ट सत्कारणी लागतील.

उपचाराच्या प्रकरणाबद्दल थोडंसंच. तोंडाच्या कर्करोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया. पुढे गरजेप्रमाणे किरणोपचार आणि केमो. रोग लहान असताना सापडला तर दहांतले आठ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथ्या टप्प्यात हे प्रमाण अगदी खाली येतं, आणि जगलेल्यालाही अर्धा जबडा, बोलणं, गिळणं यांची किंमत मोजावी लागते. यातही महाराष्ट्राची एक मोठी देणगी आहे. २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर अभ्यास केला. तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या गाठीही काढाव्यात, की त्या पुढे वाढल्या तर मग काढाव्यात, हा वाद जगभर वर्षानुवर्षं चालू होता. २०१५ साली उत्तर आलं: आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. आज जगातले सर्जन या निष्कर्षाप्रमाणे वागतात. रुग्णाला याचा अर्थ इतकाच, की डॉक्टरनं ‘मानेचंही ऑपरेशन लागेल’ असं सांगितलं तर घाबरून दुसरीकडे जाऊ नये.

सत्ता आणि पैसा जवळ असूनही हा रोग सोडत नाही, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. अंजनीसारख्या खेड्यातून येऊन राज्याचे गृहमंत्री झालेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगानं गेले. साठीही झाली नव्हती. शरद पवार यांना २००४ साली हा रोग झाला, ते त्यातून उठले आणि तंबाखू-गुटख्याच्या सवयीची काय किंमत मोजावी लागली हे त्यांनी सभांमधून उघडपणे सांगितलं. मोठ्या माणसानं आपल्या आजाराचं कारण असं चारचौघांत सांगावं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्या वस्तीत अशी माणसं आहेत. गालावर शस्त्रक्रियेचा वण घेऊन ती रुमाल बांधून फिरतात, लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसतात. त्यांना पुढे बसवा, त्यांना बोलू द्या. मावा खाणारा पोरगा डॉक्टरचं ऐकत नाही, पण शेजारच्या काकांचं ऐकतो.

नागापूरच्या माणसाला जायचं कुठे हा प्रश्न उरत नाही. महापालिकेचं आरोग्य केंद्र आहे, शहरात जिल्हा रुग्णालय आहे. मनमाड रस्त्यानं पुढे विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्याच रस्त्यानं राहुरी, कोल्हार करत लोणीला गेलं तर तिथे दंत महाविद्यालय आहे, संगमनेरलाही आहे. दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत तोंड तपासून घ्यायला फारसा खर्च येत नाही. कामगाराच्या पगारातून राज्य विम्याचा हप्ता कापला जात असेल तर त्याचा आणि घरच्यांचा उपचाराचा हक्क त्या विम्यात आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. सवय सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूच्या पुडीवरच सरकारी क्रमांक छापलेला असतो: १८००-११-२३५६. फोन फुकट आहे. पहिले चार-पाच दिवस सर्वांत अवघड जातात, डोकं दुखतं, चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. एकदा सोडून पुन्हा धरलेल्यांनी स्वतःला हरलेलं समजू नये. कायमची सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी काही वेळा प्रयत्न केलेला असतो.

वाचकहो, या पुस्तकाची पुढची प्रकरणं सवडीनं वाचलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी मावा, तंबाखू, सुपारी खात असेल किंवा मिश्री लावत असेल, तर आजच त्याला उजेडात बसवा आणि मोबाइलच्या दिव्यानं त्याचं तोंड बघा. दोन आठवड्यांहून जुनी जखम, चट्टा किंवा गाठ दिसली, तर ती दुखत नसली तरी याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा.